कुठल्या दारात विचारायचं? युरोपविषयी वाचकांचे प्रश्न

युरोपातलं राजकारण आणि तिथलं रोजचं जगणं यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तर दिलं आहे.

अंतोनियो कोस्ता आपल्या मडगावचे. ते आता युरोपचे अध्यक्ष झाले आहेत. आता तरी लिस्बनमध्ये गोवेकरांच्या जन्मनोंदींची कामं भराभर होतील का? त्यांना पत्र लिहिलं तर उपयोग होईल का? (एक वाचक, मडगाव)

त्यांचे वडील ओर्लांदो द कोस्ता यांचं घराणं मडगावचं. जानेवारी 2017 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून भारतात आले तेव्हा कोस्ता स्वतः मडगावच्या घरी जाऊन आले. तेव्हा अभिमान वाटणं साहजिकच आहे. पण पत्राचा टपालखर्च वाया जाईल, हे स्पष्ट सांगायला हवं.

ते ‘युरोपचे अध्यक्ष’ नाहीत. 1 डिसेंबर 2024 पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. ही परिषद म्हणजे युरोपीय युनियन या 27 देशांच्या संघातल्या देशप्रमुखांची बैठक. अध्यक्षाने बैठक बोलवायची, चालवायची आणि सगळ्यांना पटेल असा मसुदा काढायचा. त्याला तिथे मत नसतं. मुदत अडीच वर्षांची आणि ती एकदाच वाढवता येते. कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकार उर्सुला फॉन डेर लायेन यांच्या युरोपीय आयोगाला. तो मंजूर करायचा 720 सदस्यांच्या युरोपीय संसदेने आणि सदस्यदेशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने मिळून. मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक विषयांत बहुमत दोन अटींवर मोजतात: निदान 15 देश बाजूने हवेत आणि त्या देशांत युनियनची निदान 65 टक्के लोकसंख्या राहत असायला हवी. करांचे आणि परराष्ट्र धोरणाचे विषय आले की मात्र एकमत लागतं. म्हणून एकटा लहान देशसुद्धा गाडी अडवू शकतो.

नागरिकत्व कुणाला द्यायचं हे ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युनियनच्या पातळीवर, ठरतच नाही. ते ज्या त्या देशाचं काम. पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा लिस्बनच्या संसदेचा, 1981 चा, नंतर अनेकदा बदललेला. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या वंशजांना ज्यांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, त्या जन्मनोंदी तिथल्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात होतात.

आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत हाच घोटाळा आहे. युरोप म्हणजे एकच कचेरी, असं समजून माणसं चुकीच्या दारात उभी राहतात. दारं निदान तीन आहेत. छोट्या मुदतीचा व्हिसा, सीमाशुल्क, सामानात काय आणायचं ते, मालाचे दर्जे हे युनियनचं. नागरिकत्व, आयकर, किमान वेतन, दवाखाने, शाळा हे देशाचं. राहण्याची नोंद, कचरा, पार्किंग हे नगरपालिकेचं किंवा पोर्तुगालात फ्रेगेझियाचं. फ्रेगेझिया हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगायला नको. तिथे राहण्याचा दाखला आजही बहुतेक फ्रेगेझियाच देते, जसा आपल्याकडे पंचायत देते.

आम्ही नवरा-बायको बारा दिवस फिरायला जाणार. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि शेवटी दोन दिवस लिस्बन. पोर्तुगालचं कार्यालय पणजीतच आहे, म्हणून तिथेच व्हिसा काढावा असं एजंट म्हणतो. चालेल का? (एक वाचक, फोंडा)

चालणार नाही. अर्ज फेटाळला जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. शेंगेन (आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट) व्हिसा एक असला तरी अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. तुमचे पाच दिवस फ्रान्स, पाच स्वित्झर्लंड आणि पॅरिसमध्ये विमान उतरणार, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे. हॉटेलांच्या रात्री मोजून तपासणारा अधिकारी हीच बेरीज करतो. कागदोपत्री लिस्बनचे दिवस वाढवून दाखवायचे आणि व्हिसा हातात आल्यावर बुकिंग रद्द करायचं, ही एजंटांची युक्ती अजिबात करू नका. सीमेवर विचारणा झाली तर व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो.

अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. निर्णयाची ठरलेली मुदत पंधरा दिवस, पण जादा चौकशी लागली तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाते. मे महिन्यात जायचं तर फेब्रुवारीतच अर्ज करा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. विमा निदान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. फी प्रौढांना 90 युरो, सहा वर्षांपासून बारा वर्षांच्या आतल्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. नकाराचं कारण लेखी मिळतं आणि त्यावर अपील करता येतं.

बँकेच्या खात्याबाबत एक सांगतो. अर्जाच्या आठवड्यात भावाकडून चार लाख घेऊन खात्यात टाकले की ती रक्कम सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते. अधिकारी शिल्लक कमी बघतात, महिन्याची ये-जा जास्त बघतात. पगार किंवा दुकानाची नियमित जमा दाखवणारं साधं खातं अशा फुगवलेल्या खात्यापेक्षा जास्त विश्वासाचं ठरतं.

मुलीकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनी 90 दिवसांचा हिशेब नीट समजून घ्यावा. नियम असा: कुठल्याही दिवशी मागे वळून 180 दिवस पाहिले, तर त्यात शेंगेनमधले दिवस 90 पेक्षा जास्त दिसता कामा नयेत. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. समजा 1 मार्चला उतरलात आणि 29 मेला निघालात. मार्चचे 31, एप्रिलचे 30, मेचे 29, नव्वद पुरे झाले. आता परत कधी जाता येईल? 1 मार्च हा दिवस 180 च्या खिडकीतून बाहेर पडेल तेव्हा, म्हणजे 28 ऑगस्टला. ‘सहा महिन्यांत तीन महिने’ असं तोंडी गणित करून जुलैत तिकीट काढणारे फसतात. पूर्वी शिक्का पुसट असेल तर कधी कधी निभावून जायचं. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन येणं-जाणं संगणकात नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली आहे. दिवस आता यंत्र मोजतं.

चांगली बातमीही आहे. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल 2024 पासून नियम सैल झाला. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र 90 दिवसांची मर्यादा त्यालाही लागू. आयर्लंड आणि सायप्रस हे युनियनमध्ये असूनही शेंगेनमध्ये नाहीत, आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे युनियनमध्ये नसून शेंगेनमध्ये आहेत, हेही तिकीट काढताना लक्षात ठेवा.

माझा थोरला भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर 2014 पासून स्विंडनला आहे. धाकटा भारतीय पासपोर्टवर वर्क व्हिसा घेऊन लंडनला. थोरला म्हणतो त्याला संसदेला मत देता येत नाही, धाकटा म्हणतो त्याला येतं. हे उलटं कसं? आणि मी आता पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला जाऊ शकते का? (एक वाचक, बाणावली)

दोघेही खरं बोलताहेत.

ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या धाकट्याला पूर्ण मत. पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही. थोरल्याला फक्त स्थानिक निवडणुकांत मत आहे. ते ब्रिटनने युनियन सोडल्यावरही टिकलं, कारण तो 2020 संपण्याआधीपासून तिथे आहे. शिवाय पोर्तुगालशी ब्रिटनचा त्याबाबत वेगळा करारही आहे. संसदेच्या मतासाठी त्याला ब्रिटिश नागरिक व्हावं लागेल.

याचा सर्वांत मोठा चटका 23 जून 2016 ला बसला. युनियन सोडायची की नाही याच्या सार्वमतात मतदारयादी संसदेच्या निवडणुकीचीच धरली होती. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोवेकरांचं अख्खं भवितव्य त्या मतपेटीत होतं आणि त्यांना मत नव्हतं. शेजारच्या खोलीत भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या माणसाला होतं. 51.9 विरुद्ध 48.1 टक्क्यांनी निकाल लागला. ज्यांच्या घरादाराचा निर्णय होतो त्यांना विचारलंच जात नाही, याचं इतकं जवळचं उदाहरण गोव्याला दुसरं मिळणार नाही. पासपोर्ट बदलताना माणसं पगार बघतात, मताचा हक्क कुणी बघत नाही. तो बघायला हवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 31 डिसेंबर 2020 ला मुक्त प्रवेश संपला. आता पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला भेटीला जाता येतं, तेही आधी ऑनलाइन प्रवासपरवानगी काढून. कामाला जायचं तर भारतीयासारखाच व्हिसा लागतो. ‘पोर्तुगीज काढा आणि लंडनला चला’ म्हणणारा एजंट तुम्हाला 2020 च्या आधीची गोष्ट विकतो आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर काम करता येतं ते युनियनमधल्या देशांत. इंग्रजीवर भागवायचं असेल तर आयर्लंड आहे.

थोरल्या भावाला मात्र एक निरोप द्या. त्याचा ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा दर्जा कागदावर नाही, सरकारी खात्यात संगणकावर आहे. पोर्तुगीज पासपोर्ट नवा काढला की त्याचा क्रमांक त्या खात्यात बदलायचा. पुष्कळजण विसरतात आणि मग दाबोळीला किंवा मोपाला विमान कंपनीच्या खिडकीवर अडकतात, कारण यंत्राला नव्या पासपोर्टामागे दर्जा दिसत नाही. आणि सलग पाच वर्षं ब्रिटनबाहेर राहिलं तर तो दर्जा जातो. गोव्यात येऊन आजारी आईवडिलांकडे दीर्घकाळ राहणाऱ्यांनी तारखा लिहून ठेवाव्यात.

लेक लिस्बनला असते. तिला चोरिस, सुके बांगडे, सोलां, घरचं तूप, हापूस आणि एक बाटली फेणी न्यायची आहे. काय नेता येईल? (एक वाचक, म्हापसा)

चोरिस नाही, तूप नाही, हापूस नाही. सुके बांगडे, सोलां (आमसुलं), नारळ आणि फेणी चालेल.

हा नियम युनियनचा, म्हणून लिस्बन काय आणि बर्लिन काय, सारखाच. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, कितीही मुरलेली, धुरावलेली असली तरी ती मांसच. ही बंदी जाचक वाटते, पण तिच्यामागे धडा आहे. डुकरांच्या तापाचा विषाणू खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात महिनोन् महिने जिवंत राहतो. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली.

मासळीला मात्र सूट आहे. स्वतःच्या खाण्यासाठी माणशी 20 किलोपर्यंत. ताजी असेल तर पोट साफ केलेली हवी. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) या सगळ्याची बेरीज वीस किलोत बसवा. वासाची तक्रार येऊ नये म्हणून दोन पिशव्यांत हवा काढून सील करून घ्या आणि वर काय आहे ते इंग्रजीत लिहा.

ताजी फळं, भाज्या, पानं यांना भारतातल्या वनस्पती-तपासणी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना: नारळ, केळं, अननस, खजूर आणि दुरियान. आंबा त्यात नाही. कढीपत्त्याची जुडीही नाही. कारण फळमाशी. तिच्यापायी मे 2014 पासून युनियनने भारतीय आंब्यावर आणि वांगी, कारली, पडवळ, अळू यांवर सरसकट बंदी घातली होती. आंब्यावरची 2015 च्या सुरुवातीला उठली. वाळवलेली सोलां, दळलेला मसाला, मांसमासळी नसलेलं लोणचं, तांदूळ-गूळ-नारळाचा दोदोल यांना अडचण नाही.

फेणी चाळिसाच्या वरची, म्हणजे 22 टक्क्यांहून कडक दारूच्या वर्गात. ती माणशी एक लिटर. उर्राक (काजूची सौम्य दारू) 22 च्या आत असेल तर दोन लिटर. वय 17 पूर्ण हवं. घरच्या भाटीची फेणी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून नेऊ नका. विमानात मूळ सीलबंद बाटलीच चालते, आणि लेबल नसेल तर कडकपणा किती हे कुणाला पटवणार? आत शिरताना सोबत 10,000 युरो किंवा अधिक रोख असेल तर ते जाहीर करावं लागतं. ब्रिटनचे सामानाचे नियम वेगळे आहेत, हे उत्तर त्याला लावू नका.

पोर्तुगालात चेगा हा उजवा पक्ष वाढतो आहे. आम्ही पोर्तुगीज पासपोर्टवाले गोव्यातच राहतो. आम्हाला तिथे मत आहे का? असलं तर त्याने काय फरक पडतो? (एक वाचक, वास्को)

मत आहे आणि फरक पडतो. 2025 ची निवडणूक त्याचा पुरावा आहे.

गोवा विधानसभेत 40 मतदारसंघ आणि प्रत्येकी एक आमदार. पोर्तुगालच्या संसदेत 230 सदस्य, पण मतदारसंघ फक्त 22. एकट्या लिस्बनमधून 48 निवडून जातात. 22 पैकी दोन मतदारसंघ परदेशस्थांचे: एक युरोपातल्यांचा, एक युरोपबाहेरच्यांचा. प्रत्येकी दोन जागा. गोव्यातला मतदार युरोपबाहेरच्या मंडळात मोडतो.

जागावाटप असं होतं. प्रत्येक पक्षाच्या मतांना क्रमाने 1, 2, 3 ने भागायचं आणि सर्वांत मोठ्या आकड्यांना जागा द्यायच्या. समजा पहिल्या पक्षाला 42 हजार मतं, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 20, चौथ्याला 8. पाच जागा असतील तर आकडे लागतात 42, 30, 21 (42 चे निम्मे), 20 आणि 15 (30 चे निम्मे). म्हणजे 2, 2, 1 आणि चौथ्याला शून्य. तीच मतं दोन जागांच्या मंडळात पडली तर 42 आणि 30, प्रत्येकी एक. 20 हजारवाला रिकाम्या हाती. दोन जागांच्या मंडळात पहिल्या दोघांत यायचं, नाहीतर काही नाही.

मे 2025 मध्ये देशातली मोजणी संपली तेव्हा समाजवादी आणि चेगा दोघांच्याही 58 जागा होत्या. परदेशस्थांच्या चार जागांपैकी दोन सत्ताधारी आघाडीला गेल्या, दोन चेगाला. चेगा 60 वर जाऊन संसदेतला दुसरा पक्ष झाला. 2019 मध्ये त्याची एक जागा होती. स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला दुसरं स्थान स्वतः देशाबाहेर राहणाऱ्यांच्या मतांनी दिलं, ही गोष्ट प्रत्येक गोवेकर मतदाराने मनात घोळवावी. आघाडीकडे बहुमताला लागणाऱ्या 116 ऐवजी 91 जागा आहेत, त्यामुळे चेगाच्या मागण्या कायद्यात उतरतात. 2025 मध्ये परदेशी नागरिकांचा कायदा कडक झाला, कुटुंबाला बोलावून घेण्याच्या अटी वाढल्या. याचा फटका भारतीय पासपोर्टवर तिथे राबणाऱ्या मुलांना बसतो. तुमच्या पासपोर्टला कायद्याने बसत नाही, पण रस्त्यावर हिणवणारा माणूस आधी पासपोर्ट मागत नाही.

संसदेची मतपत्रिका टपालाने घरी येते, म्हणून ओळखपत्रावरचा पत्ता बरोबर हवा. गोव्यातला पत्ता ‘चर्चच्या मागे’ असा अर्धवट असेल तर पाकीट परत जातं. घर क्रमांक, वाडा, गाव, पिन सगळं लिहा. खूण केलेली मतपत्रिका हिरव्या पाकिटात घालून बंद करायची, त्यावर काही लिहायचं नाही. ते पाकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स पांढऱ्या पाकिटात. झेरॉक्स विसरली तर मत बाद. 2022 मध्ये युरोप मंडळात याच झेरॉक्सच्या वादातून दीड लाखांहून अधिक मतं रद्द झाली आणि न्यायालयाच्या आदेशाने तिथे पुन्हा मतदान घ्यावं लागलं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला टपाल नाही, प्रत्यक्ष केंद्रावर जावं लागतं.

मुलगा पोर्तोला भाड्याच्या खोलीत राहतो. हिवाळ्यात भिंतीला काळी बुरशी आली. पावसाळी हवा म्हणून तो खिडक्या घट्ट बंद ठेवतो, तरी वाढतेच. (एक वाचक, डिचोली)

खिडक्या बंद ठेवतो म्हणूनच वाढते. गोव्याची सवय तिथे उलटी पडते.

आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवा 27 अंशांची आणि ओलीचिंब. तिच्या एका घनमीटरात 23 ग्रॅमच्या आसपास पाणी. खिडकी उघडली की ओल आत येते, म्हणून आपण बंद करतो. थंड हवेत पाणी मावतच नाही. शून्य अंशाची हवा पूर्ण ओली असली तरी घनमीटरला पाच ग्रॅमहून कमी. ती आत येऊन 20 अंशांना तापली की तिची आर्द्रता तिशीच्या खाली येते, म्हणजे चांगली कोरडी. पोर्तोत शून्य अंश क्वचितच होतं, तिथे 8-10 अंशांची ओली हवा असते. तीही तापल्यावर आतल्या हवेपेक्षा कोरडीच पडते. आत मात्र श्वास, अंघोळ, भाताचं पातेलं आणि वाळत घातलेले कपडे यांची वाफ साठते आणि सर्वांत थंड जागी, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पाणी होऊन बसते.

दिवसातून तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच ते दहा मिनिटं, पाऊस असला तरी. तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर फटीएवढी उघडी ठेवू नये. त्याने हवा फारशी बदलत नाही आणि चौकटीजवळची भिंत गार पडून तिथेच बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढावं. पातेल्यावर झाकण. कपडे झोपण्याच्या खोलीत वाळवू नयेत. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्यावं आणि काटा 40 ते 60 मध्ये ठेवावा.

पोर्तुगालच्या जुन्या घरांत मध्यवर्ती तापवण्याची सोय सहसा नसते, विजेचे हीटर लावतात. तिथे दुसरी अडचण येते. वीज घेताना किती भार वापरणार ते करारात ठरतं, लहान घराला पुष्कळदा 3.45 केव्हीए. 2,000 वॉटचा हीटर आणि 2,000 वॉटची किटली एकदम लावली की मीटर पडतो. करारातला भार वाढवता येतो, महिन्याचं स्थिर शुल्क वाढतं. आधी एका वेळी एकच मोठं उपकरण लावून बघा.

भिंतीतून पाणीच झिरपत असेल तर ते घरमालकाचं काम. तारखेसह फोटो काढून लेखी कळवा. चिडून स्वतःच भाडं कापू नका, तेच कारण दाखवून घर सोडायला लावतात.

आजोबांचा जन्म 1938 चा. रजिस्तात (जुन्या जन्मनोंदीत) आडनाव ‘पोरोबो’, वडिलांच्या दाखल्यावर ‘प्रभू’. पोर्तुगीज नोंद करता येईल का? केल्यावर आमच्या काजूच्या बागायतीचं काय? (एक वाचक, केपे)

पोरोबो-प्रभू, कामोतिम-कामत अशा जोड्या हिंदू गोवेकरांच्या पुष्कळ घरांत आहेत. त्यामुळे काम थांबत नाही, रेंगाळतं. क्रम मोडू नका: 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद आधी, मग त्यांचं लग्न, मग वडिलांचा जन्म, वडिलांचं लग्न, शेवटी तुमचा जन्म. मधली एक कडी नसली तर पुढची नोंद अडते. नोंदणी कार्यालयातून संपूर्ण मजकुराची नक्कल घ्या, तक्त्यातला छोटा दाखला नको. नावांतला फरक एकाच माणसाचा आहे हे दाखवणारे जुने कागद, जमिनीची इन्व्हेंटरी, शाळेचा दाखला, आधीपासून जमवा. भारतीय कागदांवर आपोस्तील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का) लागतं. आणि त्या दिवशी लिस्बनचा कायदा काय आहे ते पैसे भरण्याआधी पाहा. नागरिकत्वाचा विषय तिथे सध्या तापलेला आहे.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्डासाठी अर्ज करायचा. ओसीआयवाल्याला शेतजमीन आणि बागायत विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. म्हणून शेजारच्या भाटाचा (बागायतीचा) तुकडा घ्यायचा विचार असेल तर तो कुटुंबात भारतीय राहणाऱ्याच्या नावावर घ्यावा लागेल, आणि तो खरोखर त्याचाच होईल, हे घरात बसून आधी बोलून घ्या. मतदारयादीतलं नाव आपोआप जात नाही. फॉर्म 7 भरून ते काढून घ्या, आणि नाव निघेपर्यंत पंचायतीच्या निवडणुकीलासुद्धा मत देऊ नका. परदेशी नागरिक झालेल्या माणसाने इथे मत दिलं तर तो गुन्हा ठरतो.